उगमावरची टाचणी

बद्रीनाथ सरांविषयी वाईट बोलणारा माणूस औरंगाबादेत शोधावा लागत नाही. कुठल्याही जुन्या डॉक्टरच्या दवाखान्यात जावं, सरांचं नाव काढावं आणि बाकावर बसून राहावं. बाहेर पेशंट ताटकळले तरी डॉक्टरांचं संपत नाही. कुणाला सरांनी हाडाचा तुकडा फेकून मारलेला असतो. कुणाला सगळ्या वर्गादेखत म्हटलेलं असतं, की तुमचे वडील गुरं राखतात ना, मग तुमची जागा तिथं अजून रिकामी असेल. गंमत अशी की हे म्हणणारे बद्रीनाथ स्वतः फुलंब्रीच्या शेतकऱ्याच्या घरचे, आणि त्यांच्या लहानपणीची निम्मी वर्षं बैलांच्या शेपट्या पिळण्यात गेलेली. पण ज्या आळीतून आपण आलो त्या आळीला नावं ठेवण्यात काही माणसांना वेगळंच सुख असतं.

त्यांच्या तोंडाला ही धार कुठून आली, ते मात्र थोड्यांना ठाऊक आहे. डॉक्टरकी ते हैदराबादला शिकले, निजामाच्या राज्यात, आणि सुरुवातीचं सगळं उर्दूत. हृदय म्हणजे क़ल्ब, त्याचा वरचा कप्पा उज़्न, खालचा बत्न, असं रात्रंदिवस घोकून पक्कं केलेलं. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि पाठोपाठ वर्गातली उर्दूही गेली. झालेलं सगळं पुन्हा इंग्रजीत पाठ करायची वेळ आली. एका तोंडी परीक्षेत घाबरलेल्या बद्रीनाथांच्या तोंडून इंग्रजी शब्दाऐवजी ‘बत्न’ निघून गेलं. बाहेरून आलेले परीक्षक हसले, त्यांचं बघून शेजारी उभी असलेली पोरंही हसली. त्या हसण्याचा सूड बद्रीनाथांनी पुढं जन्मभर उगवला, आणि तोही ज्यांनी ते ऐकलंसुद्धा नव्हतं अशांवर.

मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवायचे मात्र असे, की शिव्या खाणारेच पहिल्या बाकासाठी भांडत. त्यातही हृदयाच्या ठोक्याची वाट हा त्यांचा लाडका विषय. ते म्हणत, हृदय कुणाच्या चाकरीत नाही. मेंदू त्याला घाई कर म्हणेल, सावकाश चाल म्हणेल, पण ठोका त्याचा स्वतःचा. वरून येणारी मोठी शीर उजव्या वरच्या कप्प्याला जिथं मिळते, तिथं बाहेरच्या पातळ आवरणाखाली एक गाठ असते, साइनस नोड. गाठ म्हटलं तरी ती बोटाला लागत नाही की डोळ्याला दिसत नाही. पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तरच कळतं: मधोमध एक रक्तवाहिनी, तिच्याभोवती बारीक, फिकट, एकमेकींत गुंतलेल्या पेशी, आणि सगळ्यांना धरून ठेवणारं पांढऱ्या चिवट धाग्यांचं जाळं. शेजारचे स्नायू रुंद, अंगावर ठळक आडवे पट्टे असलेले, ओढकाम करणारे. या पेशींच्या अंगावर पट्टे जेमतेम. त्यांना ओढायचं नसतं, फक्त हाक द्यायची असते.

ती हाक वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरते आणि खाली येऊन अडते. कारण वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये चिवट तंतूंची चौकट आहे, तिच्यातून वीज जात नाही. जायला दार एकच, आणि दारात दुसरी गाठ, एव्ही नोड. ती हाकेला जराशी थोपवून धरते, तेवढ्यात वरचे कप्पे रिते होऊन खालचे भरतात. मग हिस बंडल नावाचा जुडगा त्या चौकटीतून आरपार जाऊन मधल्या पडद्यात उतरतो आणि त्याला दोन फाटे फुटतात. उजवा दोरीसारखा एकटाच जातो, डावा पंख्यासारखा पसरतो. शेवटी पुर्किंजे तंतू. त्यांच्या पेशी जाडसर, फिकट, पोटात साखरेचा साठा बाळगणाऱ्या. त्या आतल्या अस्तराखाली जाळं विणतात आणि खालचे दोन्ही कप्पे एकदम आवळले जातात. या वाटेवर सर्जनचा एक टाका चुकीचा पडला तर माणूस टेबलावरून उठत नाही, असं सर सांगत. म्हणून जागा म्हणजे जागा; ‘जवळपास’ हा शब्द त्यांच्या टेबलाजवळ चालत नसे.

तोंडी परीक्षेत ते पोरापुढं औषधात मुरवलेलं माणसाचं हृदय ठेवत, हातात एक टाचणी देत आणि म्हणत, उगम दाखवा. टाचणी एकदा रोवली की हात मागं. उपटून दुसरीकडं लावायची नाही. उजव्या वरच्या कप्प्याला बाहेरून कानासारखा पदर असतो. त्याची वरची कड शिरेला भेटते तो माथा. माथ्याच्या बाहेरच्या अंगाला एक उथळ खाच असते, तिच्यात टाचणी हवी. वर्गात ते एक युक्तीही सांगत: गाठ दिसत नसली तरी तिला रक्त नेणारी बारीक वाहिनी चरबीतून डोकावते, तिच्या मागं जा, ती तुम्हाला घरापर्यंत सोडेल. परीक्षेत कोण बसतंय वाहिनी हुडकत. पोरं डोळे मिटून खाचेत टाचणी मारत आणि सुटत. आणि खरं सांगायचं तर, टाचणी चुकलेल्या सगळ्यांनाच सर बुडवत नसत. बाकीची उत्तरं बरी असली तर चार शिव्या हासडून ढकलून देत. फक्त तसं ते बाहेर कळू देत नसत, कारण दरारा ही त्यांची खरी कमाई होती.

त्यांना एकच मुलगी, मनकर्णा. नाव आजीचं. कॉलेजातल्या शोभा-सुनंदांच्या घोळक्यात ते नाव पुकारलं की हसू फुटे, पण ती बिचारी मान वर करून ‘हजर’ म्हणायची. ती त्याच कॉलेजात, वडिलांच्याच हाताखाली शिकायला आली, हा तिच्या नशिबाचा भाग. रविवारी सकाळी शौकत, म्हणजे कॉलेजात शरीराच्या तुकड्यांचे काप काढून काचेवर चढवणारा माणूस, सिल्लेखान्यातल्या खाटकांकडून बकऱ्याची हृदयं आणून देई आणि मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर बापलेकीची शाळा भरे. मनकर्णेची आई द्वारकाबाई मटणाला शिवत नसत. त्या दाराआडून म्हणत की तो दगड आता माझ्या लुगड्याला नको, आणि दोघांना आंघोळीशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नसत. बकऱ्याच्या हृदयात त्या विजेच्या दोऱ्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मनकर्णा चिमट्यानं एकेक दोरी उचलून तिच्या मुळापर्यंत जायची, न तोडता. सरांनी इतकी वर्षं पोरं पाहिली होती. असा हात त्यांना कुणाचाच आठवत नव्हता. त्यांची छाती भरून येई. पण तोंडानं ते म्हणत, कोपर खाली घे, गवत उपटतीस काय.

आता या मुलीच्या शिक्षणाला एक फास आधीपासून लागलेला होता. बद्रीनाथांचे थोरले भाऊ काकासाहेब फुलंब्रीला शेती बघत. धाकट्याला हैदराबादला पाठवायचं म्हणून ते स्वतः शाळा सोडून औताच्या मागं गेले होते, आणि त्या उपकारावर घरातला शेवटचा शब्द त्यांचा होता. पुतणी मेडिकलला जाते म्हटल्यावर त्यांनी हो म्हटलं, पण चितेगावच्या एका स्थळालाही शब्द देऊन ठेवला. कारभारी नावाचा मुलगा, एकुलता एक, चांगली बागायत. काकासाहेबांनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, की पहिल्या परीक्षेत पास झाली तर मी त्या लोकांना नाही म्हणतो आणि पोरीनं खुशाल डॉक्टर व्हावं. एकदा जरी नापास झाली, तर पुन्हा परीक्षेला बसणं नाही, वैशाखात लग्न. बद्रीनाथ मिशीत हसले आणि कबूल म्हणाले. आपल्या मुलीच्या हातावर त्यांचा तेवढा विश्वास होता, आणि तो खोटाही नव्हता.

परीक्षा आली. बाहेरगावाहून नानासाहेब नावाचे वयस्कर, गोड बोलणारे परीक्षक आले होते. त्यांनी यादीवर नजर टाकली आणि सरांना बाजूला घेऊन म्हणाले, की तुमच्या मुलीच्या वेळी तुम्ही चहाला जा, मी तिला एकटा विचारतो, रीत तशीच आहे. कुठलाही शहाणा माणूस चहाला गेला असता. आमच्या बद्रीनाथांना तिथं आपल्या नावाची पडली. बाहेर पोरं उभी होती, त्यांनी इतकी वर्षं शिव्या खाल्ल्या होत्या, आणि आता बाप चहाला गेला आणि पोरगी सुटली असं ती म्हणणार. लपलो असं कुणी म्हणता कामा नये. ते म्हणाले, तिला मीच विचारीन, आणि दार उघडं ठेवा.

मनकर्णा आत आली. नानासाहेबांनी विचारलेलं सगळं तिनं सांगितलं: एव्ही नोडच्या तिन्ही हद्दी, हिस बंडल चौकटीतून कुठं जातं, डाव्या-उजव्या फाट्यांत फरक काय, पुर्किंजे पेशी साध्या स्नायूपेक्षा फिकट का दिसतात. नानासाहेबांची मान डोलायला लागली. मग सरांनी हृदय पुढं सरकवलं आणि टाचणी दिली. दारात पोरांची गर्दी झाली होती.

तिनं लगेच टाचणी रोवली नाही. हृदय उचललं, खिडकीच्या उजेडाकडं धरलं, चरबी बोटानं हलकेच बाजूला केली आणि बराच वेळ एका बारीक काळसर वाहिनीच्या मागं जात राहिली. सरांना वाटलं, घाबरली. मग तिनं टाचणी लावली, ती थेट माथ्यावर. खाचेत नाही.

 त्या एका क्षणात सरांना चितेगाव दिसलं, काकासाहेब दिसले, आणि दारातल्या पोरांचे तोंड दाबून हसायला आलेले चेहरे दिसले. शेवटचं दृश्य सगळ्यात मोठं ठरलं. मनकर्णा सांगायला लागली, की सर, या हृदयात वाहिनी माथ्यावरून पलीकडं जातीय, म्हणून मी... सरांनी तिला तोडलं.

‘कुठं ते विचारलं होतं. का ते नाही. जा.’

ती गेल्यावर नानासाहेब म्हणाले की अहो, बाकी सगळं सोन्यासारखं सांगितलं तिनं, एका टाचणीवर काय अडलंय. सर म्हणाले, माझ्या टेबलावर टाचणीवरच अडतं. मग नानासाहेबांनी हळूच विचारलं, की वाहिनीचं ती म्हणत होती ते पाहिलंत का. सर म्हणाले, विद्यार्थी अडकला की वाहिनीची सबब काढतो. गुण त्यांच्या हातचे होते. ज्या हातानं त्यांनी कितीतरी ढ पोरं ढकलली होती, त्याच हातानं आपल्या पोरीला खाली ओढलं, आणि नानासाहेबांनी उसासा टाकून सही केली. जाताना ते एवढंच म्हणाले, की ते हृदय टाचणीसकट ठेवा, काप काढून बघा, मला शंका आहे.

घरी त्या दिवशी बद्रीनाथ दोन पोळ्या जास्त जेवले, असं द्वारकाबाई पुढं सांगत. गल्लीत, कॉलेजात, गुलमंडीच्या चहाच्या दुकानात एकच विषय होता: सरांनी पोटच्या पोरीला सोडलं नाही. ज्यांनी आजवर तोंडावर शिव्या घातल्या नाहीत पण मनात घातल्या, ते रस्त्यात वाकून नमस्कार करायला लागले. माणूस आहे की देव, असंही कुणी म्हणालं. मनकर्णा खोलीत पडून होती आणि बाहेर बापाचा जयजयकार चालला होता. निकाल अजून जाहीर व्हायचा होता, पण कुणाला सांगायची गरज उरली नव्हती.

नानासाहेबांची शंका सरांना बोचत होती. आपण बरोबर होतो याचा पुरावा हातात असावा म्हणून त्यांनी शौकतला माथा आणि खाच धरून तुकडा कापायला लावला, टाचणीचं भोक मध्ये ठेवून. तुकडा स्पिरिटात बुडवून त्यातलं पाणी काढणं, मेणात बसवणं, यंत्रावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढणं, रंग देणं. या कामाला उरक नसतो. शौकतनं काचा तयार करून आणल्या, तेव्हा दुपार होती आणि विभागात दुसरं कुणी नव्हतं. सरांनी पहिली काच लावली. खाचेतला भाग, जिथं त्यांना टाचणी हवी होती. रुंद, लाल, पट्ट्यापट्ट्यांचे साधे स्नायू. त्यांनी काच सरकवली, पुढची लावली, पुन्हा सरकवली. साधे स्नायू. मग त्यांनी माथ्याची काच लावली.

मधोमध वाहिनी. तिच्याभोवती बारीक फिकट पेशींचं गुंताड, पांढऱ्या धाग्यांचं दाट जाळं. गाठ माथ्यावर घोड्याच्या खोगिरासारखी बसलेली होती. काही हृदयांत बसते. सरांनी कधीतरी वाचलंही होतं आणि सोडून दिलं होतं. आणि त्या गाठीच्या बरोबर मध्ये, वाहिनीला धक्का न लावता, एक गोल भोक होतं. मनकर्णेच्या टाचणीचं.

बद्रीनाथ किती वेळ त्या नळीला डोळा लावून बसले ते त्यांनाच ठाऊक. मुलगी बरोबर होती एवढंच नव्हे. त्यांनी सांगितलेली युक्ती सगळ्या कॉलेजात तिनं एकटीनंच वापरली होती. त्यांना आनंद झाला, हे लिहायला हवं. पोरीचा हात किती खरा निघाला म्हणून डोळ्यांत पाणी आलं. आणि लगेच भीती वाटली, कारण निकाल लागायला अजून दिवस होते. विद्यापीठाला कळवायचं, नानासाहेबांना काच दाखवायची, ते आनंदानं दुसरी सही करतील. गुण बदलतील. पोरगी पास होईल.

आणि गाव काय म्हणेल? आधी नापास करून वाहवा घेतली, मग मागल्या दारानं पास केली. काचेचं कुणाला कळतंय? भोक कुणी पाडलं आणि कधी पाडलं हे कोण बघायला गेलंय? ज्या हसण्यापासून हा माणूस सबंध आयुष्य पळत होता, ते हसणं त्याला पुन्हा ऐकू आलं. शौकत चिठ्ठ्या आणि दौत घेऊन उभा होता. त्यानं विचारलं, ‘साब, इसपे क्या लिखूँ?’

‘काही लिहू नको,’ सर म्हणाले. त्यांनी काच कागदात गुंडाळली आणि आपल्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. पुढं नानासाहेब एकदा भेटले तेव्हा त्यांनी चौकशी केली; सरांनी सांगितलं, तो तुकडा मेणात खराब झाला. निकाल लागला. मनकर्णा नापास होती. काकासाहेब दुसऱ्याच दिवशी चितेगावला जाऊन सुपारी फोडून आले.

हळदीच्या सकाळी घर पाहुण्यांनी गजबजलं होतं. मनकर्णा पिवळ्या अंगानं उठली आणि वडिलांच्या खोलीत आली. दार लोटून घेतलं. सरांना वाटलं, आता रडेल, भांडेल. रडली असती तर कदाचित त्यांनी कपाटाची किल्ली काढलीही असती; माणूस स्वतःविषयी असंच धरून चालतो. ती भांडायला आली नव्हती.

‘बाबा, मला लग्नाचं काही म्हणायचं नाय,’ ती म्हणाली. ‘ठरलं ते ठरलं. फक्त माझं कुठं चुकलं तेवढं दाखवा. मी रोज आठवून बघते. मला अजूनही ती वाहिनी माथ्यावरच जाताना दिसते. मी चुकीचं बघितलं असं तुम्ही सांगितलं म्हणजे माझं मन थाऱ्यावर येईल.’

एवढंच मागत होती ती. तिला डॉक्टर व्हायला मिळणार नव्हतं हे तिनं गिळलं होतं. आपले डोळे खरे आहेत की खोटे, तेवढं तिला सोबत न्यायचं होतं. आणि जगात हे सांगू शकणारा माणूस एकच होता, तो समोर बसला होता.

बद्रीनाथांनी टेबलावरचा कागद ओढला, त्यावर हृदय काढलं, शीर काढली, कान काढला.  खाचेत पेन्सिलचं टोक टेकवून म्हणाले, ‘हितं. तू माथ्यावर गेलीस. ती वाहिनी गाठीची नव्हती, दुसरीच होती. घाईत होतं असं.’

मनकर्णा कागदाकडं बघत राहिली. मग म्हणाली, ‘व्हय. आता दिसलं.’ ती वाकून त्यांच्या पाया पडली, हळदीचे डाग त्यांच्या धोतरावर लागले, आणि ती बाहेर गेली. बायकांनी तिला पुन्हा पाटावर बसवलं.

दुसरा कुणी असता तर त्यानं ती काच विहिरीत टाकली असती. सरांनी थोडी वर्षं जाऊ दिली आणि ती वर्गात आणली. काय करणार, अशी काच त्यांच्या आयुष्यात दुसरी नव्हती. पोरांना दाखवून ते सांगत, की गाठ नेहमी खाचेतच असते असं धरून चालू नका, कधी ती माथ्यावर चढून बसते, पुस्तकावर विसंबू नका, वाहिनीला विचारा. परीक्षेत ते आता दोन्ही जागा मान्य करायला लागले. त्या काचेनं पुढं कितीतरी पोरं तरली. त्यातल्या एकानं विचारलं की हे भोक कसलं, तर सर म्हणाले, काप काढताना पडलं असेल.

चितेगावला मनकर्णेचं वाईट झालं असं कुणी म्हणणार नाही. कारभारी मारहाण करणारा नव्हता. पैठण रोडला कारखाने आले, काही जमीन त्यात गेली, राहिलेल्या जमिनीत मोसंबी होती. ती पहाटे उठे, धारा काढी, गड्यांच्या भाकरी थापी. शेजारच्या बायका पोरांचा ताप दाखवायला आणत तेव्हा ती नाडीवर बोट ठेवी आणि मग घाईनं काढून घेई. डॉक्टरकडं न्या, मला त्यातलं कळत नाही, असं म्हणे. पहिल्या-पहिल्यांदा लोकांना तो विनय वाटला. तो विनय नव्हता. तिला खरंच वाटत होतं, की आपल्याला दिसतं ते तसं नसतं. दुधाचा हिशेब, पावसाचा अंदाज, पोराच्या अंगावरची पुरळ, काहीही असो, ती आधी दुसऱ्याला विचारायची.

तिला एकच मुलगी झाली. सासूच्या नावावरून नाव ठेवलं चतुरा. पोरगी हुशार निघाली, आणि हात आईसारखा. दहावीला तालुक्यात नाव झालं, तेव्हा शाळेतल्या मास्तरांनी घरी येऊन सांगितलं की हिला औरंगाबादला सायन्सला घाला, ही डॉक्टर होणार. कारभारीची ना नव्हती. मनकर्णेची होती.

त्या सुमारास बद्रीनाथ नोकरीतून उतरले होते. द्वारकाबाई वारल्यानंतर ते मधूनमधून चितेगावला येऊन राहत. तोंडाची धार गेलेली, नातीवर जीव. ओसरीवर बसून ते चतुरेला हृदयाच्या गोष्टी सांगत आणि तिनं मधेच अडवून बरोबर प्रश्न विचारला की त्यांचे डोळे चमकत. तो दिवसही तसाच होता. सगळे ओसरीवर, चतुरा आईशी हट्ट करत होती, मला सायन्सच घ्यायचंय. मनकर्णा तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, की आर्ट्सला जा, मास्तरीण हो, सुखानं राहा.

चतुरा म्हणाली, ‘पण का? मला समजतंय की सगळं.’

‘मलाबी समजतंय असंच वाटायचं,’ मनकर्णा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पोरीची काळजी होती. ‘लई वाटायचं. आजोबांनी सोता शिकवलं मला, रात्रंदिवस. तरी ऐन टायमाला डोळ्यांनी दगा दिला. ही रक्तातलीच खोट हाय बाय. सगळ्या लोकांत तोंड काळं होतं, मग जन्मभर कशावरच भरवसा राहत नाय. तुझं तसं नको व्हायला.’

चतुरेनं आजोबांकडं पाहिलं. ती त्यांची लाडकी होती, ते तिची बाजू घेणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. मनकर्णेनंही सूप खाली ठेवलं आणि त्यांच्याकडं वळली.

‘तुम्हीच सांगा बाबा हिला. माझं चुकलं होतं का नाय? चुकलं नव्हतं म्हणालात तर मी आत्ता हिला जाऊ देते.’

 इतक्या वर्षांनी मुलीनं तोच प्रश्न पुन्हा बद्रीनाथांच्या पुढ्यात ठेवला होता, आणि या वेळी दारात हसणारं कुणी नव्हतं. काकासाहेब मरून गेले होते, कॉलेज सुटलं होतं, गुलमंडीवर त्यांना ओळखणारी माणसं उरली नव्हती. एक शब्द पुरला असता, आणि दोघी सुटल्या असत्या. पण तो शब्द काढला तर समोर तांदूळ निवडत बसलेली ही बाई इतकी वर्षं कशासाठी इथं बसली, ते सांगावं लागलं असतं. मुलीच्या नजरेत आता त्यांच्याविषयी जे होतं, म्हातारपणाला त्यांच्याजवळ तेवढंच राहिलं होतं.

‘तुझी आई खरं सांगतीय,’ ते नातीला म्हणाले. ‘आर्ट्स बरं.’

मनकर्णेनं सुटकेचा श्वास सोडला आणि सूप पुन्हा मांडीवर ओढलं. चतुरा आजोबांना चहा करायला आत गेली.